पदर डाव्या खांद्यावर

मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या भगिनींकडे पाहिले, तर वेषाचे केवढे वैविध्य दृष्टीस पडते! कोणी आजीची जपून ठेवलेली नऊवारी नेसून आलेली असते, कोणी सहावारी पैठणी मिरवीत असते, तर परप्रांतातच जन्मलेली एखादी लेक किंवा त्या प्रांतातून घरात आलेली सून तिकडच्या रीतीने पदर घेऊन येते. मराठी मुलखापासून दूर संसार थाटणाऱ्या प्रत्येक घरात, बाहेर पडताना नेसावे काय आणि कसे, हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका बंगाली मुलीपुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो सुटल्याखेरीज तिला घराचा उंबरठाच ओलांडता येत नव्हता. तिने तो सोडविला, आणि त्याचे उत्तर तिला सापडले ते मुंबईत. त्या ज्ञानदानंदिनीदेवी टागोर यांची ही कथा आहे.

ज्ञानदानंदिनींचा जन्म १८५० साली पूर्व बंगालमधील जेसोर जिल्ह्यातला. सातव्या-आठव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि कलकत्त्यातील जोडासांकोच्या टागोर वाड्यात महर्षी देवेंद्रनाथांची सून म्हणून त्या आल्या. पती सत्येंद्रनाथ हे महर्षींचे द्वितीय पुत्र. त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

हे घराणे ब्राह्म समाजाचे, विद्येचे व संपत्तीचे. तरीही अंतःपुराची शिस्त कडक होती. घरच्या स्त्रियांना बाहेरच्या चौकात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती आणि कोठे जाणे झालेच तर ते बंद पालखीतून. सत्येंद्रनाथांचे जिवलग मित्र मनमोहन घोष यांना ज्ञानदानंदिनींना पाहण्याची इच्छा झाली. परपुरुषाने आत येणे अशक्य. तेव्हा सत्येंद्रनाथांनी एका रात्री मित्राला बरोबर घेतले, पावलांचा आवाज एकाच माणसाचा वाटावा म्हणून दोघे एका तालात चालत शयनगृहापर्यंत गेले, आणि मित्राला त्यांनी थेट मच्छरदाणीच्या आत नेऊन बसविले. आत ती बालिका आणि तो पाहुणा दोघेही लाजेने मूक राहिले, आणि थोड्या वेळाने मित्र आला तसाच परत गेला. ज्ञानदानंदिनींनी उतारवयात सांगितलेली ही आठवण विनोदी खरी, परंतु त्या काळच्या स्त्रीजीवनाच्या भिंती किती उंच होत्या, हे तिच्यावरून ध्यानात येते.

१८६२ साली सत्येंद्रनाथ विलायतेस गेले, १८६३ साली सनदी सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि त्या सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. पत्नीलाही विलायतेस न्यावे, तिने मोकळे जग पाहावे, अशी त्यांची उत्कट इच्छा होती; महर्षींनी त्यास संमती दिली नाही. मधल्या काळात दीर हेमेंद्रनाथ यांनी ज्ञानदानंदिनींना शिकविले. १८६४ साली सत्येंद्रनाथ परतले, त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, आणि या वेळी मात्र सुनेला बरोबर नेण्यास महर्षींनी अनुज्ञा दिली.

आणि येथेच वेषाचा प्रश्न समोर आला. त्या काळी बंगाली कुलस्त्रीचा घरातील वेष म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेली एकच साडी. तिच्या आत परकर नाही, अंगात चोळी नाही, पायात पायताण नाही. उष्ण व दमट हवेत, केवळ स्त्रियांच्या सहवासात, हा वेष सुखाचाच होता. तो कोणाला उणा वाटत नसे, कारण तो पाहणारे कोणी परके नव्हते. स्त्रीने बाहेर पडायचेच नाही, हे एकदा ठरल्यावर बाहेर नेसण्याच्या वस्त्राची गरज ती काय! वेष नाही म्हणून बाहेर पडणे नाही, आणि बाहेर पडणे नाही म्हणून वेष नाही, असे ते चक्र होते.

चौदा वर्षांच्या ज्ञानदानंदिनींसाठी घाईघाईने एका फ्रेंच दुकानात पोषाख शिवून घेण्यात आला. नावाला तो पौर्वात्य धर्तीचा होता, पण त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की तो एकटीने अंगावर चढविणेच त्यांना जमेना. पतीच्या साहाय्यावाचून बंद लागत नसत. असा पोषाख अंगावर बाळगीत या मुलीने आगबोटीने मुंबईचा प्रवास केला. घरातून बोटीपर्यंत पायी किंवा उघड्या गाडीने जाण्यास परवानगी नव्हतीच. तेवढे अंतर पालखीतूनच कापावे लागले.

मुंबईत या दांपत्याने प्रथम काही महिने माणेकजी कर्सेटजी यांच्या घरी मुक्काम केला. माणेकजी हे नामांकित पारशी सुधारक. मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा त्यांनी १८६३ साली मुंबईत स्थापन केली होती. त्यांच्या कन्या सुशिक्षित होत्या आणि पाहुण्यांसमोर, मेजवान्यांत निःसंकोचपणे वावरत. जोडासांकोच्या अंतःपुरातून आलेल्या, अनोळखी माणसापुढे तोंडून शब्द न फुटणाऱ्या मुलीला हे घर म्हणजे एक नवी शाळाच झाली.

त्या घरातील स्त्रियांची साडी तिने पाहिली. साडी तीच, भारतीयच. परंतु आत अंगभर कपडे, त्यावर नीटनेटकी नेसलेली रेशमी साडी, उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, आणि पायात बूट-मोजे. हा वेष करून गाडीत बसता येत होते, चालता येत होते, चारचौघांत उभे राहता येत होते. फ्रेंच पोषाख पेटीत गेला आणि ज्ञानदानंदिनींनी पारशी भगिनींप्रमाणे साडी नेसण्यास आरंभ केला.

मात्र त्यांचे वैशिष्ट्य पुढेच आहे. पाहिले तसे उचलले, असे त्यांनी केले नाही. पारशी व गुजराती रीतीत पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि लोकांत वावरताना, कोणाच्या अभिवादनाला उत्तर देताना, हस्तांदोलन करताना उजवा हात त्यात अडकतो. ज्ञानदानंदिनींनी पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि उजवा हात मोकळा केला. जोडीला परकर, आणि विलायती धाटणीचे लांब बाह्यांचे जाकीट. साडी बंगाल्याची, नेसण्याची रीत मुंबईची, जाकीट विलायतेचे, आणि या साऱ्यांचा मेळ स्वतःच्या गरजेनुसार स्वतः घातलेला. फ्रेंच शिंप्याने दुकानात बसून जे साधले नाही, ते या मुलीने चार घरांतले पाहून, रोज नेसून, अडेल तेथे बदलून साधले.

दोन वर्षांनी, १८६६ साली, त्या कलकत्त्यास परतल्या, तेव्हा वाड्याच्या दारात गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरल्या. पालखीत बसून गेलेली सून अशी परत आलेली पाहून घरात हलकल्लोळ झाला. नोकरचाकरही थक्क झाले. पुढे कित्येक दिवस घरातील इतर स्त्रिया त्यांच्या पंक्तीला बसण्यास कचरत. एकाच छपराखाली राहून त्या जणू परक्या झाल्या. साडीच्या चार निऱ्यांसाठी हे मोल थोडे नव्हते, आणि ते देणारी स्त्री सोळा वर्षांची होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड लॉरेन्स यांच्या निवासस्थानी समारंभ होता. सत्येंद्रनाथांची प्रकृती ठीक नव्हती, तेव्हा ज्ञानदानंदिनी पतीवाचून गेल्या. कुलीन हिंदू घरातील स्त्री अशा ठिकाणी प्रथमच दिसत होती. कित्येकांचा समज झाला की या भोपाळच्या बेगमच असाव्यात. कारण पडद्याबाहेर वावरणारी दुसरी कोणी स्त्री त्यांना ठाऊकच नव्हती. टागोर कुळातीलच प्रसन्नकुमार टागोर तेथे उपस्थित होते. आपल्या घराण्यातील सून भर सभेत पाहून ते लज्जेने तेथून निघून गेले.

परंतु एका व्यक्तीला या वेषाने समाधान दिले, आणि ती व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष महर्षी. घरातील मुलींना शोभेलसा सभ्य पोषाख असावा, म्हणून त्यांनी शिंपी बसवून नाना प्रकार शिवून पाहिले होते. एकही त्यांच्या मनास आला नव्हता. सुनेने मुंबईहून आणलेली ही रीत त्यांना पसंत पडली. ज्या सासऱ्यांनी तिला दारापर्यंत चालू दिले नव्हते, त्यांच्याच लेकी-सुना पुढे तिच्याप्रमाणे नेसू लागल्या. वाड्यात या पद्धतीला मुंबईचा दस्तुर असे नाव पडले. दस्तुर हा शब्द आपल्याही भाषेतला. आपल्या मुंबईचे नाव बंगाली अंतःपुरात अशा रीतीने रुजले.

ज्ञानदानंदिनींनी ही विद्या स्वतःपाशी ठेवली नाही. स्त्रियांसाठी निघणाऱ्या बामाबोधिनी पत्रिकेतून त्यांनी जाहीर केले, की ज्यांना असे नेसणे शिकायचे असेल त्यांना आपण शिकवू. ब्राह्म कुटुंबांतील स्त्रिया येऊ लागल्या. सनदी अधिकारी बिहारीलाल गुप्त यांच्या पत्नी सौदामिनी या आरंभीच शिकणाऱ्यांपैकी एक. म्हणून या पद्धतीस ब्राह्मिका साडी असेही म्हणू लागले. पुढे केशवचंद्र सेनांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी सुनीतीदेवी यांनी खांद्यावर पदर ब्रोचने टाचण्याची शोभा तिला दिली. इतरांनीही आपापल्या परीने भर घातली. आज परकर, ब्लाउज, आणि डाव्या खांद्यावर पदर असलेली जी साडी साऱ्या देशाची म्हणून ओळखली जाते, तिच्या घडणीत अशा अनेक हातांचा वाटा आहे. त्यांतील एक आरंभीचा हात ज्ञानदानंदिनींचा.

या निमित्ताने आपल्या आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या अमेरिकेस निघाल्या, त्या कलकत्त्याच्याच बंदरातून. नऊवारी सोडायची नाही, या निश्चयाने त्या गेल्या. पण कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत आणि तिकडील थंडी सोसवेना. तेव्हा त्यांनी गोऱ्या स्त्रियांचा झगा न घालता पाऊल झाकणारी, गुजराती धर्तीची साडी पत्करली. दोघींच्या वाटा वेगळ्या, परंतु स्वदेशातीलच शेजाऱ्याच्या घरी उत्तर शोधण्याची रीत एकच.

ज्ञानदानंदिनींचे उर्वरित आयुष्यही अशाच धीराचे. पतीच्या नोकरीमुळे अहमदाबाद, सोलापूर, कारवार, सातारा अशा गावी त्यांचा संसार फिरत राहिला. त्यांच्या कन्या इंदिरादेवी यांचा जन्म १८७३ साली कलादगीचा. सत्येंद्रनाथांनी या मुलखावर इतके प्रेम केले की तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७७ साली तीन लहान मुलांना घेऊन, पती बरोबर नसताना, ज्ञानदानंदिनी विलायतेस गेल्या. तेथे त्यांना अपत्यवियोगाचे दुःख सोसावे लागले. परतल्यावर १८८५ साली त्यांनी मुलांसाठी ‘बालक’ हे मासिक काढले. तरुण रवींद्रनाथ त्यात विपुल लिहीत. १९४१ साली, रवींद्रनाथांच्या मागोमाग दोन महिन्यांच्या आतच, त्यांनी इहलोकीचा निरोप घेतला.

हा वेष सर्वांचा होण्यास वेळ लागला, हेही सांगितले पाहिजे. जाकीट, परकर, बूट-मोजे ही सधन घरांची मिरास होती. आणि जुनी रीत लज्जास्पद मानण्यात इंग्रजांच्या नजरेचा भाग होताच. ती नेसणाऱ्या आज्या-पणज्या काही निर्लज्ज नव्हत्या. म्हणूनच काळाने केलेली गंमत मोठी गोड आहे. निऱ्यांवाचून नेसण्याची जी जुनी बंगाली धाटणी तेव्हा मागे पडली, तीच आज दुर्गापूजेत, लाल काठाच्या पांढऱ्या साडीच्या रूपाने, हौसेने नेसली जाते. जशी आपली नऊवारी गणपतीत आणि मंगळागौरीला पेटीतून बाहेर येते.

परमुलखात राहणाऱ्या आपल्याला ज्ञानदानंदिनी जवळच्या वाटतात त्या यामुळे. त्या आपल्या मुंबईत परक्या म्हणून आल्या. तेथे त्यांनी ना आपले सारे टाकले, ना दुसऱ्याचे सारे पांघरले. आपल्याला काय करायचे आहे, कोठे जायचे आहे, हे आधी ओळखले आणि त्याला जे सोयीचे ते नम्रपणे शेजाऱ्याकडून घेतले. सुवर्णमहोत्सवाच्या सभागृहात यंदा नऊवारी, सहावारी आणि या प्रांताची साडी शेजारी शेजारी बसतील. त्यांतील कोणती अधिक मराठी, असा वाद कोणी काढलाच, तर मुंबईची रीत बंगालला देणाऱ्या या बंगाली सुनेची गोष्ट त्याला अवश्य सांगावी.