मुल्लांचे कलम आणि कायद्याचे कलम

दिवाणी दावा असो की वारसाहक्काचा तंटा, वकील आजही ‘मुल्ला’ उघडतात. मुस्लिम कायद्यावरील या नावाच्या ग्रंथामुळे लेखकही मुस्लिम असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात सर दिनशा फरदुनजी मुल्ला हे मुंबईचे पारशी होते.

१८६८ साली जन्मलेल्या दिनशांनी बंधू रुस्तमजी यांच्यासह मुंबईत सॉलिसिटरांची पेढी काढली. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन, काही काळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्यत्व आणि १९३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर नियुक्ती, असे मान त्यांना लाभले. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. पदांची आठवण आता क्वचितच कोणाला असेल. ग्रंथ मात्र टिकले.

त्याचे कारण मांडणीत आहे. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये सिद्ध केलेले करार कायद्यावरील भाष्य पाहावे. आधी कायद्याचे कलम, त्यातील उदाहरणांसह, जसेच्या तसे. मग शब्दांचा अर्थ. आणि त्याखाली त्या कलमावरील न्यायालयांचे निवाडे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेवरील त्यांच्या भाष्याचीही रीत हीच. कायदा कसा शोधावा, याचा तो वस्तुपाठच होता.

अडचण उद्भवली ती व्यक्तिगत कायद्यात. हिंदू आणि मुस्लिम कायद्याचा मोठा भाग त्या काळी विधिमंडळाने केलेलाच नव्हता. तो धर्मग्रंथ, रूढी आणि निवाडे यांत विखुरलेला होता. मुल्लांनी त्यातील तत्त्वे क्रमांक घालून, थेट कलमांसारखी मांडली. वकिलांची मोठीच सोय झाली. पण सोयीची एक किंमत असते. ग्रंथातील परिच्छेद जणू विधिमंडळाने संमत केलेला असावा, अशा थाटात युक्तिवादात येऊ लागला.

१९८५ मध्ये शहाबानो प्रकरणात त्याची कसोटी लागली. तलाक मिळालेल्या इंदूरच्या या वृद्धेला इद्दतीनंतर पोटगी देणे लागत नाही, या दाव्यासाठी ‘मुल्ला’सह काही पाठ्यग्रंथांचा आधार पुढे आला. वापरलेली आवृत्ती अठरावी, म्हणजे मुल्लांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी एम. हिदायतुल्ला यांनी संपादित केलेली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या घटस्फोटितेला पतीने काही देणे लागत नाही, हे सिद्ध करण्यास ही विधाने अपुरी ठरवली. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ धर्म पाहत नाही, असा निर्वाळा देऊन शहाबानोंची पोटगी कायम झाली.

त्यानंतर १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम घटस्फोटितांसाठी वेगळा कायदा केला आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्त्रियांच्या बाजूने लावला. जुन्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून, पोटगीची ती तरतूद आता तेथे कलम १४४ खाली सापडते.