पंडिता रमाबाई : मुक्ती सदनाचा वारसा

मल्लेश्वरमात स्थिरावलेल्या आम्हा मराठी मंडळींना पंडिता रमाबाईंचे चरित्र विशेष जवळचे वाटते. कारण त्यांचा जन्म १८५८ साली याच कर्नाटकभूमीत, गंगामूळच्या अरण्यात झाला. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गमावलेल्या या विदुषीने १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापिले. धर्मांतरामुळे स्वजन दुरावले, तरी कार्य थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराश्रित स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. केडगावचे मुक्ती सदन हेच त्यांचे माहेर झाले.

कन्या मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा काढली. केडगावची धुराही पुढे त्याच वाहणार होत्या. परंतु जुलै १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. मातेच्या हाती जेमतेम नऊ महिने उरले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. तरीही सदनाचे दार मिटले नाही. त्यांच्या सहवासात घडलेल्या सहकारी स्त्रियांनी ते उघडे ठेविले, आणि केडगावी ती संस्था आजही उभी आहे.

सुवर्णमहोत्सव साजरा करताना आम्हीही स्वतःस विचारावे : आमच्यामागून हा दिवा हाती घेणारे आम्ही घडविले आहेत काय?