बोल्ट आणि नटाचं भांडण मिटवणारा माणूस : जोसेफ व्हिटवर्थ

रविवारची सकाळ. तुम्ही घरीच बाइकचं ऑइल बदलायला घेतलंय. ड्रेन बोल्ट परत लावताना तो दोन आटे आत जातो आणि अडतो. तुम्ही पाना लावून जोर देता आणि इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमचे आटेच जातात. एका बोल्टपायी गॅरेजची वारी ठरलेली.

आज ही चूक आपल्या घाईची असते. पण दोनशे वर्षांपूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर न बसणं हीच रीत होती. ती बदलणारा माणूस म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. चौदाव्या वर्षी त्याला धंदा शिकायला काकांच्या सूतगिरणीत पाठवलं. पोराचं लक्ष मात्र धंद्यापेक्षा यंत्रांत. काही वर्षांतच तो तिथून निसटला आणि मँचेस्टरमध्ये मेकॅनिक झाला. १८२५ मध्ये त्याने लंडन गाठलं आणि हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम धरलं. अचूक आटे पाडणाऱ्या लेथसाठी मॉडस्ली यांचं नाव होतं.

१८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्याला वेड होतं मापाचं. एक इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक ओळखणारं यंत्र त्याने बनवलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं.

पण त्याचं सगळ्यात मोठं काम त्याआधीच झालं होतं. त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ मध्ये त्याने सिव्हिल इंजिनीअर्सच्या संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला : आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची संख्या ठरलेली. म्हणजे अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे. रेल्वे कंपन्यांनी ही पद्धत उचलली आणि हळूहळू ती ब्रिटनभर पसरली.

सगळीकडे त्याला यश आलं असं नाही. त्याची षटकोनी नळीची रायफल चाचण्यांत अचूक ठरली, तरी ब्रिटिश लष्कराने ती नेहमीच्या वापरासाठी घेतली नाही. आट्यांचंही तेच. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन सुचवला. तिथे अर्ध्या इंची बोल्टला १३ आटे आले. पुन्हा दोन पद्धती, पुन्हा भांडण.

१८६८ मध्ये व्हिटवर्थने तरुण इंजिनीअर्ससाठी शिष्यवृत्ती सुरू केली, पुढच्याच वर्षी त्याला सरदारकी मिळाली. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोमध्ये तो गेला. त्याचे आटे मात्र ब्रिटिश मोटरसायकलींमधून पुढे कित्येक वर्षं फिरत राहिले. जुनी ब्रिटिश बाइक खोलणाऱ्या मेकॅनिकला आजही व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात.

आजच्या बाइकचे आटे मेट्रिक, कोन ६० अंशांचा. तरी सापळा आहेच. १० मिलिमीटर जाडीचे दोन बोल्ट दिसायला सारखे, पण एकाच्या आट्यांत १.२५ मिलिमीटरचं अंतर, दुसऱ्याच्या १.५ चं. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच.

म्हणून आधी आटे पुसून घ्या. बोल्ट हातानेच लावा. आधी किंचित उलटा फिरवा, आटा बसल्याचं बोटाला कळलं की सुलटा. हाताने जात नसेल तर थांबा, बोल्ट काढून पाहा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, बाइकच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकाच. घट्ट होताना बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच तो पकड धरतो. जास्त ओढला तर तो कायमचा लांबतो किंवा तुटतो.

व्हिटवर्थने आयुष्यभर जोरापेक्षा मापावर भरवसा ठेवला. पाना हातात घेताना आपणही तेवढं केलं, तरी गॅरेजची एक वारी वाचेल.