उपासनेला मराठी सूर देणारे रेव्हरंड टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या परतल्या व त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तुटलेल्या संगतीचे मोल टिळकांना ठाऊक होते. चर्चमधील उपासना मराठी माणसाला परकी वाटू नये, म्हणून त्यांनी तेथे भजन-कीर्तन रुजविले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका बंधुसंघात आणण्याचा तो प्रयत्न होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी चर्चमधील मंडळी आजही त्यांची गीते एकसुरात गातात.