सात नळ्यांचा कॅमेरा

पदव्यांची भेंडोळी घेऊन बँकेत आलेली, पण ज्यांचा साधा ताळेबंद जुळत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. म्हणून हॅल अँगर मला पहिल्यापासून जवळचा वाटतो. १९२० साली अमेरिकेतल्या डेन्व्हरला जन्मलेला हा विद्युत अभियंता. बर्कलीची १९४३ ची पदवी, बस्स. डॉक्टरेट केलीच नाही. महायुद्धात शत्रूचं रडार निकामी करण्याच्या संशोधनावर होता. १९४८ मध्ये बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत आला, तो निवृत्तीपर्यंत तिथेच रमला.

त्या काळी रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन देत. ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठे आणि तिथून गॅमा किरण बाहेर पडत. ते टिपणारं यंत्र बेनेडिक्ट कॅसनने १९५० च्या सुमारास केलं होतं. त्याचा एकच डोळा गळ्यावरून ओळीओळीने सरके. एकाच रोखपालाने बँकेच्या सगळ्या खिडक्यांवर पाळीपाळीने बसावं, तसं! रुग्णाने तोवर निपचित पडून राहायचं. बरं, मूत्रपिंडातून औषध कसं उतरतं ते पाहायचं असेल, तर? डोळा पोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असणार.

अँगरने १९५७ मध्ये डोळा सरकवणंच बंद केलं. सोडियम आयोडाइडचा चार इंच व्यासाचा स्फटिक आणि त्यामागे मंद प्रकाशही टिपणाऱ्या सात नळ्या. गॅमा किरण आदळला की स्फटिकात क्षणभर चमक उठते. पण नेमकी कुठे? दिवाळीत चाळीत फटाका फुटला तर सात बिऱ्हाडांना विचारावं. ज्याला आवाज मोठा, त्याच्या दाराशी तो फुटला. नळ्यांना मिळालेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून अँगरच्या मंडलाने जागा काढली. सातांची बेरीज किरणाची ऊर्जा सांगे. वाटेत भरकटून शक्ती गमावलेले किरण त्यावरून बाद करता येत. खोट्या नोटा बाजूला काढाव्यात तसे.

तरी कौतुक लगेच झालं नाही. आयोडीनचे जोरकस किरण पातळ स्फटिकातून बरेचसे निसटून जात. पहिला विक्रीचा कॅमेरा १९६२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात पोचला. त्याच दशकात टेक्नेशियम-९९एम रुग्णालयांत रुळलं. त्याचे किरण सौम्य, स्फटिकाला सहज झेपणारे. आयोडीन निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, हे सहा तासांत निम्मं होतं. लहान मुलांना तपासताना डॉक्टरांना केवढा दिलासा!

२००५ मध्ये अँगर गेला. हृदयासाठीच्या काही नव्या कॅमेऱ्यांत आता नळ्या नाहीत, अर्धवाहक आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी स्फटिक तोच, हिशेबही तोच. सातांच्या जागी पन्नासएक नळ्या बसल्यात, एवढंच.