महादजी शिंदे : कवायती फौजेचे सामर्थ्य आणि तिची उणीव

पुणे, १२ फेब्रुवारी (विशेष प्रतिनिधी) : महादजी शिंदे यांचे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निधन झाले, तेव्हा दिल्ली, आग्रा, मथुरा आणि ग्वाल्हेर या टापूत त्यांच्या फौजेला तोंड देईल अशी एतद्देशीय सत्ता उरली नव्हती. मात्र दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १८०३ मध्ये, ही फौज अवघ्या काही महिन्यांत इंग्रजांपुढे मोडली. तिच्या तोफा निकृष्ट नव्हत्या आणि शिपाईही भित्रे नव्हते. म्हणूनच महादजींचे चरित्र आजच्या युद्धांच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे.

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे पाटील राणोजी शिंदे यांचे हे पुत्र. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागौर येथे मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये यमुनाकाठी बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घराण्याची आणखी हानी झाली. महादजींच्या पायाला जबर जखम झाली आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले. पायाचे अधूपण जन्मभर राहिले आणि राणेखानाचे ऋणही. हा भिस्ती पुढे महादजींचा मानाचा सरदार झाला. घराण्याची सरदारकी मात्र महादजींना सहज मिळाली नाही, तिच्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले.

त्यांच्या लष्करी विचाराला निर्णायक वळण मिळाले ते इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धात. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून तह करण्यास भाग पाडले. तो विजय वेगवान घोडदळाचा आणि शत्रूची रसद तोडण्याच्या जुन्या तंत्राचा होता. परंतु पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७८० मध्ये, कॅप्टन पॉपमच्या तुकडीने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अजिंक्य मानला गेलेला किल्ला असा गेल्यावर शिस्तबद्ध पायदळाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. तो युद्धविराम होता. महादजींनी त्याचा उपयोग तयारीसाठी केला.

१७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा रहिवासी बन्वा द ब्वान्य याला चाकरीत घेतले. मराठी कागदपत्रांत तो डिबॉईन म्हणून ओळखला जातो. आरंभी त्याच्याकडे दोनच पलटणी होत्या. १७८७ च्या लालसोटच्या लढाईत तुंबलेल्या पगारामुळे बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या, तेव्हा याच दोन पलटणी राठोड स्वारांच्या हल्ल्यासमोर ठाम उभ्या राहिल्या. महादजींनी त्यातून नेमका बोध घेतला. पलटणींचे पूर्ण कंपू झाले. पगार थकू नये म्हणून दुआबातील मुलूख खास फौजेच्या खर्चासाठी तोडून देण्यात आला आणि अलीगढ हे तिचे केंद्र झाले. आग्र्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. शिपाई मुख्यतः अवध, रोहिलखंड आणि दुआबातले होते. १७९० मध्ये जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता येथे या फौजेने राजपूत सैन्याचा पराभव केला. १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची फौजही तिच्यापुढे टिकली नाही. मराठ्यांनी मराठ्यांवर मिळवलेला हा विजय अभिमानाने सांगावा असा नाही.

महादजींनी परकी शस्त्रे नुसती विकत घेतली, असा समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. तोफा येथेच ओतल्या जात होत्या, शिपाई येथले होते, पैसा येथल्या जमिनीतून येत होता. उसने होते ते नेतृत्व. पलटणींची कमान बव्हंशी युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. पलटणी सांभाळतील असे देशी अधिकारी पुरेशा संख्येने घडवले गेले नाहीत. घोड्यावर वाढलेल्या सरदारांना पायदळाची कमान कमीपणाची वाटे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे महादजींना मिळालेला अपुरा अवधी. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, अशी अट डिबॉईनने चाकरी धरतानाच घातली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ज्या शत्रूला पाहून ही फौज उभी राहिली, त्याच शत्रूपुढे तिचा सेनानी बांधलेला होता.

डिबॉईनने महादजींनंतर लवकरच हिंदुस्थान सोडले. त्याच्या जागी फ्रेंच अधिकारी पेराँ आला. किशोरवयीन वारस दौलतराव शिंदे यांच्याकडे महादजींचा दरारा नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटताच गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना वेतनाची हमी दिली. अधिकारी गळू लागले. सप्टेंबरच्या आरंभी खुद्द पेराँ इंग्रजांच्या संरक्षणाखाली निघून गेला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला आणि आठवडाभराने दिल्लीची लढाई हातची गेली.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्तवार्ता आणि लष्करी मदत काही दिवस थांबवली, तेव्हा हीच अडचण नव्या रूपात जगासमोर आली. तोफ स्वतःची आणि ती चालवणारा सैनिकही स्वतःचा, पण लक्ष्य दाखवणारा डोळा दुसऱ्याचा. उपग्रह, संगणक प्रणाली आणि सुटे भाग यांच्या बाबतीत आज अनेक देशांची गत अशीच आहे. १८०३ आणि २०२५ यांची तुलना ताणू नये हे खरे. मात्र कारखाना देशात उभारला म्हणजे परावलंबन संपले, हा समज महादजींच्या फौजेच्या बाबतीत खोटा ठरला.

१ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवारजवळ लासवारी येथे उरलेल्या पलटणींनी शेवटची झुंज दिली. युरोपीय अधिकारी जवळपास सर्व निघून गेले होते. तरीही शिपाई रांगा न मोडता तोफांशेजारी लढले आणि मोठ्या संख्येने तिथेच पडले. ती लढाई किती निकराची होती, हे विजयी सेनापती लेक यांनीही मान्य केले. दिवस मावळताना सुमारे सत्तर तोफा इंग्रजांच्या हाती होत्या.