कर्करोगसंशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या शाळेच्या कुंपणालगत सदाफुलीची झुडपे आहेत. कोणी पाणी घालो वा न घालो, ती बारमाही फुललेली असतात. या साध्या झुडपापासून कर्करोगावरील दोन प्रभावी औषधे निघाली आहेत, असे आम्ही एकदा वर्गात सांगितले. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, मग त्या औषधांनी सारेच कर्करोग बरे का होत नाहीत? प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर शोधताना ज्या थोर पुरुषाचे आम्हांस स्मरण झाले, त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. आमची मायबोली कोकणी असल्यामुळे हे नाव उच्चारताना आम्हांस थोडा अधिक अभिमान वाटतो, हे कबूल केले पाहिजे. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. नामांकित डॉक्टर म्हणून खाजगी व्यवसायात पैसा मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रासमोर बसून रोगाचे मूळ शोधण्याचा मार्ग पत्करला. या मार्गावर रोग्यांचे आशीर्वाद कानी पडत नाहीत आणि कीर्तीही उशिरा येते.

१९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. हिंदुस्थानात कर्करोग विरळाच, असा समज त्या काळी पुष्कळ ठिकाणी रूढ होता. रुग्णालयात येणारे रोगी मात्र वेगळीच कथा सांगत होते. खानोलकरांनी केवळ गाठीचा तुकडा तपासून समाधान मानले नाही. हा मनुष्य कोठला, काय खातो, काय ओढतो, वस्त्र कसे नेसतो, याचीही त्यांनी चौकशी केली.

या चिकाटीचे फळ म्हणजे १९४५ साली सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध होय. लोकांच्या चालीरीतींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन त्यात होते. विशाखापट्टणच्या बाजूस चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे. तेथे टाळूचा कर्करोग आढळला. जेथे तंबाखू व चुना मळून त्याची गोळी खालच्या ओठामागे धरतात, तेथे नेमका त्याच जागी रोग उद्भवला. धोतराची गाठ कमरेला घट्ट आवळून वर्षानुवर्षे त्वचा घासली जाते, तेथेही क्वचित कर्करोग होतो, असे त्यांनी दाखविले. कर्करोग हा दैवाचा कोप नव्हे. त्याला कारणे असतात, आणि त्यांतील काही आपल्या हातची असतात, हा या संशोधनाचा इत्यर्थ आहे.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक खानोलकरच होते. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतील प्रशिक्षणानंतर तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची ही विद्या औषधांच्या परीक्षणासही उपयोगी पडते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. कर्करोग हे एकाच रोगाचे नाव नव्हे. ते अनेक रोगांचे कूळ आहे. पेशींची अनिर्बंध वाढ हे त्यांचे समान लक्षण असले, तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा. म्हणून औषधांच्या रीतीही निराळ्या. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंस ओढणारे सूक्ष्म धागे असतात; सदाफुलीतील द्रव्ये ते धागे जुळू देत नाहीत. त्यांपैकी व्हिंक्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात गुणकारी ठरले आहे. मेथोट्रेक्सेट फॉलिक आम्लाचे कार्य रोखते व वाढत्या पेशींची उपासमार करते. स्तनाचे अनेक कर्करोग स्त्री-संप्रेरकावर पोसतात. टॅमॉक्सिफेन ते संप्रेरक पेशीला चिकटू देत नाही. एका विशिष्ट जुनाट रक्तकर्करोगात एकच बिघडलेले प्रथिन अनर्थ माजविते, आणि इमॅटिनिब नेमके तेच बंद पाडते. उलट तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच मुख्य असून औषधे बहुधा त्यांच्या साह्यास येतात. कुलूप ओळखल्यावाचून किल्ली घडविता येत नाही. आणि कुलूप ओळखण्याचे काम खानोलकरांसारख्या विकृतिशास्त्रज्ञांचे.

कुष्ठरोगाच्या संशोधनातही त्यांनी मोलाची भर घातली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले आणि भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी उभारलेली संस्था आज टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून नवी मुंबईतील खारघर येथे कार्य करीत आहे.

हे चरित्र सुरतेच्या विद्यार्थ्यांनी का वाचावे? आपला गुजरात तंबाखू पिकविणारा प्रांत आहे. गिरण्यांत व मागांवर रात्रपाळी करणारे आपले कित्येक वडीलधारे झोप आवरण्यासाठी तंबाखू मळतात. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही; त्यांच्या श्रमांवरच तुमचे शिक्षण चालले आहे. परंतु शाळेच्या वाटेवरील टपरीवरून घेतलेली माव्याची पुडी आम्हांस तुमच्यापैकी काहींच्या दप्तरात सापडली, तो दिवस आम्ही विसरलो नाही. त्या दिवशी आम्ही रागावलो. वास्तविक खानोलकरांची गोष्ट सांगावयास हवी होती. ती आज सांगितली.

तोंडात न भरणारा पांढरा चट्टा किंवा व्रण दिसला, तर तो लपवू नये, वेळीच डॉक्टरांना दाखवावा, एवढे घरी गेल्यावर आईवडिलांना आदरपूर्वक सांगा. आणि तुमच्यापैकी एखाद्याने पुढे सूक्ष्मदर्शक यंत्रासमोर बसण्याचे व्रत घेतले, तर आम्ही आमचे अध्यापन सार्थकी लागले असे समजू.